वाचक विचारतात : बाझेलचा हिब्रूपंडित आणि अक्षरांखालचे ठिपके

मागच्या अंकात जुन्या छापखान्यांवरच्या लेखात एक वाक्य होते: ‘बाझेलचा योहान्नेस बुक्सटॉर्फ हा ख्रिस्ती प्राध्यापक ज्यूंचे ग्रंथ ज्यूंच्याच मदतीने छापत असे.’ लेखात ते ओझरते आले, पण पत्रे सगळी त्यावरच आली. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत.

प्रश्न : हा बुक्सटॉर्फ कोण? आणि ख्रिस्ती माणसाला हिब्रूशी काय देणेघेणे? त्यांचे सगळे लॅटिनमध्ये चालायचे ना? (दादर)

चालायचे, पण बायबलचा जुना करार मुळात हिब्रूतला. काही प्रकरणे तेवढी अरामी. पश्चिम युरोपातल्या चर्चने हजार वर्षे लॅटिन भाषांतरावर भागवले. सोळाव्या शतकात प्रोटेस्टंटांनी पोपचा अधिकार नाकारला आणि ‘शास्त्र हेच प्रमाण’ म्हटले. मग शास्त्र मुळात काय म्हणते ते वाचता येणे भाग पडले. त्याआधीच, १५०६ मध्ये, योहान्नेस रॉइखलिन या जर्मन कायदेपंडिताने हिब्रूचे व्याकरण आणि कोश एका ग्रंथात छापला होता. पृष्ठे सहाशेच्या वर आणि सुरुवात उजवीकडून, हिब्रू पोथीसारखी. प्रती वर्षानुवर्षे पडून राहिल्या. पण पुढच्या सगळ्यांचा पाया तोच.

बुक्सटॉर्फ त्यानंतरच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीचा. जन्म २५ डिसेंबर १५६४, वेस्टफालियातल्या कामेन गावी. वडील धर्मोपदेशक. मारबुर्ग आणि हेर्बोर्न इथे शिक्षण झाले. पुढे तो स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला आला आणि तिथलाच झाला. १५९१ पासून तिथल्या विद्यापीठात हिब्रूचा प्राध्यापक. सोम्यूर आणि लायडन इथून बोलावणी आली, ती त्याने नाकारली. १३ सप्टेंबर १६२९ रोजी प्लेगने गेला. त्याच्यामागे तीच खुर्ची मुलाकडे गेली, मग नातवाकडे, मग त्या नातवाच्या पुतण्याकडे. १७३२ पर्यंत बाझेलमध्ये हिब्रूचा प्राध्यापक म्हणजे बुक्सटॉर्फ हे ठरलेले होते. आपल्याकडे पौरोहित्य किंवा कुलकर्णीपण घराण्यात चालावे, तसे.

कॅटलॉग चाळणाऱ्यांसाठी एक सूचना. बाप आणि मुलगा दोघांचे नाव योहान्नेस. लॅटिन मुखपृष्ठावर दोघेही ‘योहान्नेस बुक्सटॉर्फियस’. साल १६२९ च्या पुढचे असेल तर बहुधा मुलगा, पण याला मोठा अपवाद आहे. तालमूद (ज्यू धर्मशास्त्राचा मोठा संग्रहग्रंथ) आणि रब्बींच्या (ज्यू धर्मपंडितांच्या) भाषेचा जाडजूड कोश १६३९ मध्ये निघाला. तो मुलाने पुरा केला, तरी मूळ काम बापाचे. ‘तीस वर्षांचे काम’ असे त्याच्या मुखपृष्ठावरच छापले आहे.

प्रश्न : गावात एकही ज्यू नसताना माणूस हिब्रू शिकायचा कसा? (विलेपार्ले)

मुळाक्षरे शिकायला अडचण नव्हती. बावीस अक्षरे, त्यातल्या पाचांची शब्दाच्या शेवटी वेगळी रूपे. एवढे आठवड्यात होते. मग स्तोत्रसंहिता घ्यायची, कारण तिचे लॅटिन आधीच तोंडपाठ असे. हिब्रू ओळ आणि लॅटिन ओळ समोरासमोर ठेवून शब्द ओळखायचे. मग व्याकरण.

अडायचे ते याच्या पुढे. पहिली अडचण उच्चाराची. आयिन हे घशातले अक्षर जर्मन माणसाच्या तोंडी मुकेच होई आणि मग आलेफ आणि आयिन कानाला एकच. लिहिताना एकाच्या जागी दुसरे पडे आणि कोशात शब्द सापडत नसे. दुसरी अडचण अक्षरांच्या जुळ्या जोड्यांची: दालेत–रेश, हे–खेत, बेत–काफ, वाव–झायिन. झिजलेल्या खिळ्यांच्या छपाईत या जोड्या अनुभवी माणसालाही चकवतात. तिसरी अडचण सगळ्यांत मोठी. बायबल छापताना अक्षरांखाली स्वरांचे ठिपके असतात. रब्बींचे टीकाग्रंथ (म्हणजे भाष्ये), तालमूद, पत्रे यांत ते नसतात. तिथे पुस्तकावर शिकलेला विद्यार्थी पहिल्याच ओळीत बसतो.

म्हणून ज्याला जमेल तो ज्यू शिक्षक गाठायचा. रॉइखलिन १४९२ मध्ये लिंत्स इथे बादशहाचा वैद्य याकोब लोआन्स याच्याकडे शिकला, पुढे रोममध्ये ओबादिया स्फोर्नोकडे. कार्डिनल एजिदिओने तर एलिया लेव्हिता या ज्यू वैयाकरणाला कुटुंबासकट आपल्या वाड्यात वर्षानुवर्षे ठेवून घेतले. १५२७ मध्ये सैन्याने रोम लुटले तेव्हा लेव्हिताचे घर उठले आणि तो व्हेनिसला जाऊन बॉम्बेर्गच्या छापखान्यात लागला. त्याची व्याकरणे बाझेलच्या झेबास्टियान म्युन्स्टरने लॅटिनमध्ये आणली. युरोपभरच्या ख्रिस्ती विद्यार्थ्यांनी हिब्रूचे क्रियापद शिकले ते मुळात लेव्हिताचे.

बुक्सटॉर्फचे वेगळेपण असे, की विद्यार्थी नेमका कुठे अडतो ते ओळखून तिथे तो एकेक पुस्तक ठेवत गेला. १६०७ चा छोटा कोश, १६०९ चे मोठे व्याकरण, १६१० चे हिब्रू पत्रलेखनाचे पुस्तक. आणि १६१३ मध्ये निव्वळ संक्षेपांचे पुस्तक. रब्बींच्या लिखाणात दर ओळीत संक्षेप असतात: शब्दांची आद्याक्षरे घ्यायची आणि शेवटच्या अक्षराआधी वर दोन तिरप्या रेघा मारायच्या. ‘राशी’ म्हणजे रब्बी श्लोमो यित्सखाकी. ‘झाल’ म्हणजे ‘त्यांची आठवण आशीर्वादाची असो’, आपल्या ‘कै.’सारखे. हे ठाऊक नसेल तर माणूस त्याला शब्द समजून कोशात धातू शोधत बसतो. त्याच पुस्तकाला त्याने तीनशेच्या वर हिब्रू ग्रंथांची यादीही जोडली. काय वाचायचे हे कळण्याआधी काय-काय आहे ते कळायला हवे ना.

प्रश्न : हिब्रू कोश ‘धातूंवर’ लावलेला असतो म्हणे. उदाहरण देऊन सांगाल का? हौस म्हणून सुरू केले आहे, पण निम्मे शब्द कोशात सापडतच नाहीत. (मुलुंड)

न सापडण्याचे कारण बहुतेक हेच, की तुम्ही शब्द पहिल्या अक्षरावर शोधत आहात. संस्कृतमध्ये विद्या, वेद, विद्वान हे सगळे ‘विद्’शी नेऊन लावतात, तसे इथे तीन व्यंजनांचा धातू हुडकायचा. बुक्सटॉर्फच्या कोशात धातू मुख्य आणि त्यापासून झालेली नामे त्याच्या पोटात.

एक शब्द घेऊ: वाव-योद-शिन-बेत. ठिपके तूर्त नाहीत असे धरा.

आधी जोडलेले काढा. वाव म्हणजे ‘आणि’. योद हे ‘तो’ या कर्त्याचे चिन्ह. उरले शिन-बेत. दोनच अक्षरे, म्हणजे तिसरे गळाले आहे. ते कुठून गळाले असेल याच्या जागा ठरलेल्या आहेत. पुढचे योद गळाले असेल तर धातू याशव, म्हणजे बसणे, राहणे. पुढचे नून गळाले असेल तर नाशव, म्हणजे वारा वाहणे, हुसकणे. मधले वाव गळाले असेल तर शूव, परतणे. शेवटचे हे गळाले असेल तर शावा, कैद करणे.

चार धातू, आणि लिहिलेली अक्षरे चारांची तीच. आता ठिपके घाला. वय्येशेव वाचले तर ‘आणि तो राहिला’. उत्पत्तीच्या ३७व्या अध्यायाची सुरुवात याच शब्दाने होते, याकोब त्या देशात राहिला. वय्याशोव वाचले तर ‘तो परतला’. वय्यिश्ब म्हणजे ‘त्याने कैद केले’, गणना २१:१ मध्ये आहे. आणि वय्याश्शेव म्हणजे ‘त्याने हुसकले’: उत्पत्ती १५:११, अब्राम मांसावर झडप घालणारी पाखरे हाकलतो तिथे. शूव धातूच्या प्रयोजकाचे वय्याशेव, ‘परत आणले’, हे पाचवे. त्याच्यात आणि चौथ्यात फरक शिनच्या पोटातल्या एका ठिपक्याचा.

तेव्हा क्रम असा ठेवा. ठिपके नीट वाचा. जोडाक्षरासारखा दुप्पट उच्चार दाखवणारा अक्षराच्या पोटातला ठिपका, दागेश, दिसला तर तिथे गिळलेले नून असू शकते असा संशय घ्या. पुढची-मागची जोडणी काढा. तीन उरली तर थेट कोश उघडा. दोन उरली तर वरच्या चारही जागा तपासा. सुरुवातीला एकेका शब्दाला दहा मिनिटे लागतील, त्यात कमीपणा नाही.

प्रश्न : ठिपक्यांवरून शंभर वर्षे भांडण चालले असे वाचले. काना-मात्रांवरून कोणी भांडते का? (गिरगाव)

काना-मात्रा काढून पाहा. ‘कळ’ एवढेच लिहिले तर काळ, कळ, कुळ, केळ, कोळी यांतले काय ते संदर्भावर. मोडीचे जुने दप्तर वाचणाऱ्यांना या जाचाची कल्पना आहे. तिथे ऱ्हस्व-दीर्घ नाही आणि अनुस्वार लिहिणाऱ्याच्या मर्जीवर. जमिनीच्या कागदात असे झाले तर कोर्टात जावे लागते. इथे तर देवाचा शब्द होता.

१५३८ मध्ये लेव्हिताने व्हेनिसमध्ये एक पुस्तक छापले. ठिपके मोशेचेही नाहीत आणि एज्रा या जुन्या करारातल्या शास्त्र्याचेही नाहीत, तालमूद पुरे झाल्यानंतर तिबेरियाच्या मसोरा पंडितांनी, म्हणजे मूळ पाठ जपणाऱ्यांनी, ते घातले, असे त्याचे म्हणणे. पुरावे साधे होते. तालमूदमध्ये शब्दाच्या वाचनावर वाद आहेत, पण ठिपक्यांची नावे कुठेच नाहीत. ती नावे आहेत तीही बरीच अरामी वळणाची. आणि सभास्थानात वाचायच्या तोराच्या (मोशेच्या पाच ग्रंथांच्या) गुंडाळीवर ठिपके नसतातच. हे शेवटचे मुंबईतही पाहता येते: इथल्या कुठल्याही सिनेगॉगमधली गुंडाळी बिनठिपक्यांची, वाचणाऱ्याने आधी पाठ करून यायचे.

लेव्हिताला यात धर्मसंकट वाटले नाही. वाचन परंपरेने तोंडी चालत आले, ठिपके म्हणजे त्याची नोंद, बस. पण कॅथलिक पंडितांनी हे उचलले आणि प्रोटेस्टंटांना म्हणाले: स्वर माणसांनी मागून घातले असतील तर तुमचे ‘फक्त शास्त्र’ निम्मेच आहे, अर्थ लावायला चर्चची परंपरा हवीच. इथे प्रोटेस्टंटांची गोची झाली.

बुक्सटॉर्फने १६२० मध्ये ‘तिबेरियास’ हा ग्रंथ काढून लेव्हिताला उत्तर दिले: ठिपके एज्रा आणि त्याच्या काळच्या महासभेचे. उत्तर चुकीचे होते, पण ते देण्यासाठी त्याने मसोरेचा जो उलगडा केला तो ख्रिस्ती जगात त्याआधी कोणी केला नव्हता. मसोरा म्हणजे पानाच्या समासातल्या अतिबारीक टिपा: हे रूप अमुक वेळा येते, इथे लिहिलेले एक पण वाचायचे दुसरे, या पुस्तकात ओव्या इतक्या. तोराच्या ५८४५ ओव्या अशाच मोजलेल्या. नकलनविसाची चूक लगेच पकडता यावी म्हणून ही मोजदाद. टिपा संक्षेपात, अरामीत आणि कित्येकदा चित्रवेलीच्या आकारात वळवून लिहिलेल्या. बुक्सटॉर्फने त्यांची किल्लीच हाती दिली.

मग सोम्यूरच्या लुई कापेलने लेव्हिताची बाजू आणखी भक्कम केली. त्याने हस्तलिखित आधी बुक्सटॉर्फकडेच पाठवले. बुक्सटॉर्फने जपून राहण्याचा सल्ला देऊन ते परत केले. ते लायडनच्या एर्पेनियसने १६२४ मध्ये लेखकाचे नाव न घालता छापले. बुक्सटॉर्फने हयातीत छापील उत्तर दिले नाही. मुलाने दिले, तेही १६४८ मध्ये.

कापेलच्या पक्षाला ग्रीक भाषांतराचा मोठा आधार. उत्पत्ती ४७:३१ घ्या. मेम-तेत-हे ही तीन अक्षरे. ठिपक्यांप्रमाणे ‘मित्ता’, म्हणजे पलंग: म्हाताऱ्या याकोबाने पलंगाच्या उशाकडे नमन केले. ख्रिस्तपूर्व काळातल्या ग्रीक भाषांतरकाराने वाचले ‘मत्ते’, म्हणजे काठी: काठीच्या टोकावर टेकून नमन केले. नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्रातही (११:२१) काठीच आहे. भाषांतरकाराच्या पुढ्यात ठिपके असते तर पलंगाची काठी झाली नसती.

१६७५ मध्ये स्विस चर्चांनी एका जाहीरनाम्यात व्यंजनांबरोबर स्वरही, निदान ठिपक्यांचा अर्थ तरी, ईश्वरप्रेरित असल्याचे लिहून टाकले. अठराव्या शतकात तो जाहीरनामा गळून पडला. ठिपके सातव्या ते दहाव्या शतकातले, हे आज सर्वमान्य आहे. लेव्हिता आणि कापेल बरोबर निघाले.

प्रश्न : बुक्सटॉर्फला एका बारशाला गेल्याबद्दल दंड झाला, हे खरे का? (भायखळा)

बारसे नाही, सुंता. ज्यू मुलाची आठव्या दिवशी होते ती. आणि हो, खरे आहे.

१६१८-१९ मध्ये बुक्सटॉर्फने बाझेलच्या लुडविग क्योनिग या छापखानदाराकडे रब्बींच्या टीकांसह पूर्ण हिब्रू बायबल छापले. व्हेनिसच्या बॉम्बेर्गने १५२४-२५ मध्ये काढलेल्या आवृत्तीचा तो वंशज. अशा एका पानावर काय-काय असते ते पाहा. मधोमध मोठ्या टायपात ठिपक्यांसह मूळ. शेजारी अरामी भाषांतर, तेही ठिपक्यांसह. भोवती राशी, इब्न एज्रा वगैरेंच्या टीका, वळणदार राशी टायपात, बिनठिपक्यांच्या. समासात आणि खाली मसोरा. चार मजकूर, पानावर चौघांची लांबी वेगळी आणि तरी चारही एकाच वचनापाशी आणून सोडायचे.

जुळारीचे, म्हणजे खिळे जुळवणाऱ्याचे, हाल विचारू नका. हिब्रूत ओळीच्या शेवटी शब्द तोडत नाहीत. ओळ भरायला आलेफ, हे, लामेद, ताव, शेवटचा मेम ही अक्षरे ताणलेल्या रूपात ओतलेली असत. तरी जागा उरली तर पुढच्या शब्दाची एक-दोन अक्षरे भरीला घालत आणि तो शब्द खालच्या ओळीत पुन्हा पूर्ण जुळवत. नवखा वाचक ती भरताड अक्षरेही शब्द म्हणून वाचतो. ठिपके वेगळ्या ओळीत अक्षरांखाली बसवले तर एक पातळ पट्टी इकडची तिकडे झाली की स्वर शेजारच्या अक्षराखाली जातो. शिनच्या डोक्यावरचा ठिपका उजवीकडे असेल तर श, डावीकडे असेल तर स. तो तुटला की दोन्ही गेले. हे प्रूफ तपासायला लहानपणापासून हा मजकूर तोंडपाठ असलेला माणूस लागतो.

असा माणूस बाझेलमध्ये नव्हता, कारण तिथे ज्यूंना कायम राहायला परवानगीच नव्हती. कामापुरती खास परवानगी काढून अब्राहाम ब्राउनश्वाइग या विद्वानाला कुटुंबासह आणले. १६१९ मध्ये त्याला मुलगा झाला, सुंता झाली आणि समारंभाला बुक्सटॉर्फ आणि क्योनिग हजर राहिले. शहराच्या अधिकाऱ्यांनी बुक्सटॉर्फला १०० गुल्डेन दंड ठोठावला. अब्राहामला त्याहून जबर.

या आवृत्तीबद्दल अभ्यासकांची एक तक्रार कायम आहे आणि ती रास्त आहे. अरामी भाषांतराचे ठिपके व्हेनिसच्या छपाईत ओबडधोबड होते. बुक्सटॉर्फने ते दानिएल-एज्रामधल्या अरामीच्या नियमांनी ‘दुरुस्त’ केले. म्हणजे तुकोबांची गाथा पुण्याच्या शाळेतल्या व्याकरणाने शुद्ध करावी तसे. वाचायला गुळगुळीत, भाषेचा इतिहास शोधणाऱ्याला निकामी.

प्रश्न : म्हणजे तो ज्यूंचा मित्र होता म्हणायचे. (मालाड)

घाई नको. १६०३ मध्ये त्याने जर्मनमध्ये ‘युडेन-शूल’ हे पुस्तक काढले, ज्यूंच्या चालीरीतींवर. जन्म, सुंता, शब्बाथ, कोशेर स्वयंपाक, पेसाख, लग्न, मयत, सगळे क्रमाने. पुढे ते लॅटिनमध्ये गेले आणि दीडशे वर्षे युरोपने ज्यू घर पाहिले ते याच खिडकीतून. पण हेतू पहिल्यापासून उघड होता: ज्यू मोशेचे न ऐकता रब्बींचे ऐकतात, हे दाखवणे. भाषा अनेक ठिकाणी कुचकट आहे.

तरी हे पुस्तक टाकाऊ नाही, वाचायची रीत वेगळी ठेवावी लागते. कृती कशी करायची ते सांगतो तिथे तो बहुतेक शुल्खान आरूख हा आचारग्रंथ आणि यिडिश रीतिपुस्तके समोर ठेवून लिहितो. हे भाग भरवशाचे, मात्र ते ग्रंथातले आचरण आहे. कुठल्या घरात खरेच तसे चालायचे हे त्यावरून ठरत नाही. ‘का करतात’ हे सांगायला लागला की सावध व्हा. तिथे तो मुद्दाम सर्वांत विचित्र दंतकथा निवडतो. व्हेनिसच्या रब्बी लेओन मोदेनाने ज्यू रिवाजांवर इटालियनमध्ये पुस्तक लिहिले, ते १६३७ मध्ये पॅरिसला छापले गेले. बुक्सटॉर्फचे चित्र पुसणे हा त्यामागचा एक हेतू. दोन्ही शेजारी ठेवून वाचली तर एकाच विधीचे दोन फोटो दिसतात.

प्रश्न : मुंबईशी याचा काही संबंध? (माहीम)

बुक्सटॉर्फचा थेट नाही. तो बायबलच्या तयारीत होता तेव्हा, १६१६ मध्ये, इकडे गोव्यात राचोलला फादर स्टीफन्सचे मराठी क्रिस्तपुराण छापले गेले, एवढा योगायोग. मुंबईत ही परंपरा आली ती स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांच्याबरोबर. ते १८२९ मध्ये इथे आले आणि १८३२ मध्ये त्यांनी हिब्रूचे व्याकरण मराठीत छापले, बेने इस्राएल (कोकणातल्या मराठीभाषक ज्यू) मुलांना डोळ्यासमोर ठेवून. पुढे बेने इस्राएलांपैकीच जोसेफ इझेकिएल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनापुस्तके मराठीत आणली. ख्रिस्ती बाजूला पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून स्वतः मराठी बायबल केले, ते त्यांच्या पश्चात छापून झाले.

प्रश्न : घर आवरताना जुन्या ट्रंकेत हिब्रू-मराठी प्रार्थनापुस्तक मिळाले. मराठी पान फाटले आहे. हिब्रू मुखपृष्ठावर तळाशी चार अक्षरे आणि मध्ये दोन रेघा आहेत. ते साल असेल का? (माझगाव)

बहुधा तेच. पाठवलेल्या फोटोवरून अक्षरे ताव-रेश-मेम-बेत दिसतात.

हिब्रूत अक्षरे हेच आकडे. आलेफ ते तेत १ ते ९, योद १०, काफ २०, लामेद ३०, मेम ४०, नून ५०, सामेख ६०, आयिन ७०, पे ८०, त्सादी ९०, कोफ १००, रेश २००, शिन ३००, ताव ४००. पुढे बेरीज. तुमचे साल ४०० + २०० + ४० + २, म्हणजे ६४२. हजाराचा आकडा गाळायची पद्धत आहे; पूर्ण साल ५६४२. शेजारी लामेद-पे-कोफ असेल तर ‘लहान गणनेने’, म्हणजे हजार गाळून, असा त्याचा अर्थ.

इसवी सन काढायला लहान गणनेत १२४० मिळवा: १८८२. मात्र ज्यू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात, तिश्री महिन्यात बदलते. म्हणून तिश्री, खेश्वान, किस्लेव यांपैकी महिना दिला असेल तर एक वजा करा, १८८१. तेवेत महिना दोन्ही सालांवर पडू शकतो, तिथे तारीख पाहावी लागते. महिनाच नसेल तर १८८१-८२ असे लिहा.

आता चुका कुठे होतात ते. तुमच्या फोटोतले शेवटचे अक्षर बेत की काफ? बेतच्या खालच्या रेघेला उजवीकडे छोटी शेपटी बाहेर येते, काफ तिथे गोल असते. काफ वाचले तर बेरीज ६६०, म्हणजे १९००. अठरा वर्षांचा फरक, आणि ते वाचन चुकीचेच, कारण ६६० हे ताव-रेश-सामेख असे लिहितात. दालेत आणि रेश चुकले तर १९६ वर्षे इकडची तिकडे होतात. भिंग घ्या आणि त्याच अक्षराचा दुसरा नमुना त्याच पानावर शोधून ताडून पाहा. १५ आणि १६ योद-हे, योद-वाव असे लिहीत नाहीत, कारण ती देवाच्या नावाची अक्षरे होतात. त्याऐवजी तेत-वाव आणि तेत-झायिन. अक्षरे उतरत्या क्रमाने असतात, पण अशुभ शब्द टाळायला क्रम मोडतात: ५६९८ सरळ लिहिले तर ‘तू खून करशील’ असा शब्द होतो, म्हणून शेवटची दोन अक्षरे उलटवतात. बेरीज तीच, ६९८, म्हणजे १९३७-३८. आणि कधी साल सुटे छापलेलेच नसते. मुखपृष्ठावर बायबलचे एखादे वचन असते, त्यातली काही अक्षरे मोठी किंवा वर ठिपका दिलेली. फक्त तेवढ्यांची बेरीज करायची.

हीच रीत दफनभूमीतल्या जुन्या शिळांवर चालते. तिथे माथ्यावर पे-नून दिसेल, ‘इथे विसावले आहेत’. तळाशी ताव-नून-त्सादी-बेत-हे ही पाच अक्षरे असतील. ती साल समजून बेरजेला घेऊ नका; तो ‘त्यांचा आत्मा जीवनाच्या गाठोड्यात बांधलेला राहो’ या वाक्याचा संक्षेप आहे. साल त्याच्या वरच्या ओळींत शोधा.